पाट उपसायचा कोणी?

नोकरीची चौतीस वर्षं मी पाण्याच्या कागदांत काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून सुटलो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. निवृत्तीनंतर लेकीकडे हॉलंडमधल्या डेल्फ्टला तीन महिने राहिलो. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून जावईबापूंनी पुस्तकं आणून टाकली. कुठला देश रेल्वे कशी आखतो, कुठला देश धरणाचे पैसे कसे बाजूला ठेवतो, असली. निघताना मी धुळ्याच्या मित्रांना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, 'शिकून येतो.' परत आलो तेव्हा पांझरा नदीच्या पुलावर त्यांनी घेरलं. 'मग, काय शिकलास?' मला चार वाक्यं धड जुळवता आली नाहीत. आता जुळवतोय.

१. ज्या गावात जन्म गेला त्या गावाचं नियोजन कोणी केलं, हेही मला ठाऊक नव्हतं. धुळ्याच्या नंबरवारी सरळ गल्ल्या पाहुण्यांना दाखवताना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की ही आखणी सर विश्वेश्वरय्यांची. पुढे वाचनालयात जुनं गॅझेटियर चाळताना कळलं, की १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर खानदेशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळं हे ठाणं म्हणून निवडलं, व्यापाऱ्यांना घरासाठी फुकट जागा दिल्या आणि नवी पेठ आखली. तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्म व्हायला चाळीस वर्षं अवकाश होता. अभियंता म्हणवणाऱ्या माणसाने जन्मसाल तरी तपासायचं! पण विश्वेश्वरय्या धुळ्याला होते, हे खरंच आहे. १८८४ मध्ये, तेवीस वर्षांचे असताना, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते लागले आणि खानदेशात आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या एका पाटाचं पाणी नळातून पलीकडे न्यायचं, म्हणजे सायफन बांधायचा, ही त्यांची पहिली कामगिरी. पावसाने पूर आणला, वाळू भरली. हे काम पावसाळ्यानंतर करू या, असं त्यांनी वर कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी पावसातच काम पुरं केलं. पुढे याच माणसाने १९३४ मध्ये देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या नियोजनाच्या कल्पनेला पांझरेचा चिखल लागलेला आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. मात्र पाहुण्यांना गल्ल्या दाखवणं मी बंद केलंय.

२. खोटं अंदाजपत्रक करणारा मी जगात एकटा नाही, हे कळून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. नोकरीच्या सुरुवातीला एका चारीचं काम होतं. मधे नाला, म्हणून जलसेतूही. खरा आकडा मांडला तर मंजुरीसाठी फाइल फार वर जाणार होती. वरिष्ठ काही बोलले नाहीत, नुसत्या भुवया उंचावल्या. मी घरी नेऊन रात्री तो आकडा खाली आणला. मातीकाम कमी दाखवलं, भूसंपादनाचे पैसे 'पुढील टप्प्यात' ढकलले. फाइल पंधरा दिवसांत मंजूर होऊन आली. जलसेतू झाला. दोन्ही बाजूंची चारी मात्र सुप्रमात अडकली. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आमच्या धंद्यातला रोजचा घास. सहा वर्षं तो जलसेतू शेतात एकटा उभा होता, अलीकडे पाट नाही, पलीकडे पाट नाही. शेजारच्या बायका त्यावर मिरच्या वाळत घालायच्या. लांबून लाल दिसायचा. मी त्या रस्त्याने जाणं टाळायचो.

जपानची गोष्ट वाचली ती यानंतर तीसेक वर्षांनी. तोक्यो ते ओसाका ही पहिली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ ला धावली. तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी खर्चाचा आकडा जाणूनबुजून कमी सांगितला होता, कारण खरा सांगितला असता तर काम सुरूच झालं नसतं. वर जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. पैसा गरजेचा होताच, पण खरी चलाखी अशी, की एकदा बाहेरच्या बँकेला शब्द दिला की पुढच्या सरकारला मागे फिरता येऊ नये. खर्च जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये सोगो पायउतार झाले आणि पहिली गाडी सुटली तेव्हा फलाटावर नव्हते. मी हे वाचून स्वतःला माफ करणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं, की त्यांचं खोटं पाच वर्षांत रुळावर आलं आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. माझ्या खोट्याची किंमत चारीच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याने मोजली. मला त्या वर्षी बढती मिळाली.

तापीवरच्या पाडळसऱ्याचं धरण १९९०च्या दशकाअखेरीस सुमारे १४२ कोटींच्या कागदावर सुरू झालं. आज त्याचा आकडा हजारो कोटींत आहे आणि अमळनेरची माणसं अजून वाट पाहतायत. तिथे कोणाच्या भुवया उंचावल्या होत्या का, मला माहीत नाही. महागाई, भूसंपादन, निधीचे हप्ते, कारणं शंभर असतात. पण असा आकडा वाचला की मला मिरच्या दिसतात.

३. डच लोक दूरदर्शी असतात, या समजुतीवर मी विमानात बसलो होतो. उतरल्यावर ती समजूत उतरली. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्र बांध फोडून आत आला आणि त्या देशात १,८३६ माणसं गेली. बांध कच्चे आहेत असं योहान व्हान वेन नावाचा त्यांचाच सरकारी अभियंता आधीची कित्येक वर्षं सांगत होता. कोणी ऐकेना, तेव्हा तो 'डॉक्टर कॅसँड्रा' या टोपणनावाने लिहायला लागला. कॅसँड्रा म्हणजे ग्रीक पुराणातली ती बाई, जिचं भविष्य खरं ठरतं पण कोणालाच पटत नाही. आमच्याकडे अशा माणसाची जळगावहून थेट गडचिरोलीला बदली झाली असती. पण फरक पुढचा आहे. पूर आल्यापासून तीन आठवड्यांत त्यांनी समिती बसवली. त्या समितीने सुरू केलेल्या कामातला मोठा दरवाजा रॉटरडॅमजवळ १९९७ मध्ये उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षं! या काळात किती सरकारं आली-गेली असतील. जावईबापूंना विचारलं, 'मधेच कोणी बंद कसं नाही केलं?' ते म्हणाले, 'पप्पा, ते कोणा पक्षाचं काम नव्हतंच.' मला हे उत्तर तेव्हा भाबडं वाटलं.

४. मग एक दिवस शेजारच्या आजोबांच्या दारात मी एक कागद पाहिला, आणि ते उत्तर तितकं भाबडं उरलं नाही. आजोबांच्या परसामागे दीड मीटर रुंदीचा चर होता, पाणी वाहून नेणारा. कागद स्थानिक पाणीमंडळाचा. अमुक तारखेला पाहणी आहे, तोवर आपल्या हद्दीतला चर साफ करून ठेवा, नाहीतर दंड. ऐंशीच्या घरातले आजोबा गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, लांब दांड्याच्या दाताळ्याने शेवाळ ओढत होते. वैतागलेले होते. पण ओढत होते. ही पाणीमंडळं तेराव्या शतकापासून आहेत, त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, कर वेगळा असतो. राजे गेले, नेपोलियन येऊन गेला, जर्मन येऊन गेले, तरी पाहणीची तारीख चुकली नाही. आणि वर, देशपातळीवर, डेल्टाचा एक आयुक्त आहे आणि एक निधी आहे, ज्याचा हिशेब दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी अर्थसंकल्पाबरोबर मांडावाच लागतो. पन्नास वर्षांच्या योजनेची गाडी ते लोक एका ठरलेल्या मंगळवारावर ओढतात.

चराकाठी उभा असताना मला एकदम आजोळ आठवलं. पांझरेच्या काठचं गाव, फडाचं पाणी. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि सगळं शिवार चार-पाच फडांत वाटलेलं. यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू, कुठला पडीक, हे सगळे मिळून ठरवणार. पाणी कमी असेल तर फड कमी. एका फडात एकच पीक, त्यामुळे चोरून दुसऱ्याचं पाणी प्यायची सोयच नाही. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाटकरी पाणी देणार, जागल्या पीक राखणार, हवालदार दोघांवर नजर ठेवणार, आणि मोबदला धान्यात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पाट उपसायचा. घरटी माणूस. जो येणार नाही त्याने मजूर पाठवायचा. मी सहा-सात वर्षांचा असेन. आबा मला पाटात उतरवायचे आणि गाळातले शंख वेचायला लावायचे. मी समजायचो, हा खेळ आहे.

पुढे डिप्लोमाला सिंचनाचे दोन पेपर दिले, त्यात फडाची एक ओळही नव्हती, आणि मीही कधी कोणाला सांगितलं नाही की मी असा पाट उपसलाय. गावंढळ वाटायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते लोक सामाईक पाणी, कुरणं, जंगलं आपसांत कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. त्यांच्या पुस्तकात स्पेनमधल्या वालेन्सियाचे पाट आहेत. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला चर्चच्या दारात पाण्याचं कोर्ट भरतं, सगळं तोंडी, कागद नाही. वाचता वाचता मला हवालदाराच्या काठीचा आवाज ऐकू आला.

पण लगेच 'आमच्याकडे सगळंच होतं' असं म्हणून मी फेटा बांधणार नाही. ज्याची जमीन फडाबाहेर, त्याला काहीच नव्हतं. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला तर पाटातला गाळ तेवढा. आणि फड मोडला तो कोणा परक्याने नाही. विहिरीवर मोटर बसली, तशी ज्याच्याकडे मोटर तो पाट उपसायला यायचा थांबला. सर्वांत आधी मोटर बसवणाऱ्यांत माझे मामा होते.

५. धुळेकराला संयम शिकवायला परदेशी पुस्तक लागत नाही, रेल्वे पुरते. १९०० पासून चाळीसगावहून गाडी निघते, राजमाने, शिरूड, बोरविहीर करत धुळ्याला येते आणि इथेच संपते. पुढे रूळ नाही. मनमाड-इंदूर मार्ग होणार, असं माझ्या वडिलांनी त्यांच्या लग्नात ऐकलं होतं. माझ्या लग्नात मी ऐकलं. लेकीच्या लग्नात तर व्याह्यांनी विचारलंच, 'काय हो, वऱ्हाड रेल्वेने आणायचं का?' दर निवडणुकीला सर्वेक्षणाची माणसं यायची, शेतात लाल-पांढऱ्या काठ्या रोवायची. शेतकरी नंतर त्या काठ्या भाजीच्या वेलाला लावायचे. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा टप्प्याची कोनशिला बसली. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, ३० नवी स्थानकं. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, मधुमेह असून.

स्विस लोकांचं मला नवल वाटलं ते बोगद्यासाठी नाही. गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा १९९२ च्या जनमतानंतर २०१६ मध्ये सुरू झाला, म्हणजे चोवीस वर्षं त्यांनाही लागली. नवल वाटलं ते दोन गोष्टींचं. एक, पैसे कुठून येणार हेही १९९८ मध्ये लोकांना मत विचारून ठरवलं. जड ट्रकवर कर, विक्रीवरच्या कराचा छोटा तुकडा, आणि ते पैसे वेगळ्या पेटीत. दरवर्षी मार्चअखेरीला कोणापुढे हात पसरायला नको. दुसरी गोष्ट तर मला दोन रात्री झोपू देईना. त्यांनी १९८७ मध्ये मान्य केलेल्या रेल्वे योजनेत आधी वेळापत्रक काढलं. कुठल्या स्टेशनात गाड्या किती मिनिटांनी एकमेकींना भेटायला हव्यात, हे ठरवलं, आणि मग त्यासाठी कुठे रूळ टाकायचे ते. बर्न ते झुरिच एका तासाच्या आत यायला हवं म्हणून तेवढाच नवा मार्ग बांधला, डिसेंबर २००४ मध्ये सुरू केला. आम्ही आयुष्यभर उलट केलं. आधी धरण, मग कालवा, मग चारी, आणि शेवटी शेतकऱ्याला विचारायचं, तुला पाणी कधी लागतं? टेलच्या एका म्हाताऱ्याने मला एकदा आवर्तनाचा तक्ता हातात घेऊन सुनावलं होतं, 'साहेब, तुमना कागदवर पानी शे, पाटमा नही.' मी तेव्हा हसलो होतो. तो हसला नव्हता.

६. श्रीमंत देशही माती खातात, हे कोणाला सांगितलं तर त्यांना फार आवडतं, म्हणून थोडक्यात. इंग्लंडने २०१५ मध्ये लांब पल्ल्याच्या बांधकामांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग नेमला. जाणकार माणसं, अहवाल, सगळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या वेगवान रेल्वेचा मँचेस्टरचा टप्पा रद्द केला, आणि तो रद्द केल्याचं जाहीर करायला गेले कुठे, तर मँचेस्टरला! आयोग नेमला की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही गोष्ट मी खिशात ठेवतो. आमच्याकडे नियोजन आयोग १९५० ते २०१४ होता. तेव्हाही धुळ्याची गाडी धुळ्यालाच थांबत होती.

७. गाळाचं उद्घाटन होत नाही, हे मला निवृत्तीनंतर समजलं, खरं तर पहिल्याच वर्षी समजायला हवं होतं. भुसावळजवळच्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की लोक फोटो काढायला जातात, आम्हीही जायचो, भजी खायचो. त्या दरवाजांमागे पूर्णा नदीने आणलेला गाळ वर्षानुवर्षं बसत आलाय. त्याचे फोटो कोणी काढत नाही. आणि सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, याच्या उलट गोष्ट आहे. तिथली जमीन बझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या भरड गोट्या-वाळूची, पाणी पिऊन घेणारी. पावसाचं पाणी आत जायचं, विहिरींना मिळायचं. आम्ही मोटरी लावल्या आणि आजोबांनी साठवलेलं नातवंडांच्या वाट्याचंही उपसलं. केळीला दोष देत नाही, केळीवर अर्धा जिल्हा उभा आहे. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा तापी मेगा रिचार्जचा करार झाला. पुराचं पाणी याच थरात मुरवायचं. कल्पना मला मनापासून पटते. माझी शंका एकच, आणि ती फार गद्य आहे. मुरवणाऱ्या कालव्यात गाळ बसला की पाणी मुरायचं थांबतं. पंचविसाव्या वर्षी तो कोण उपसणार, हे करारातल्या कुठल्या पानावर लिहावं लागेल, आणि त्याचे पैसे कुठल्या पेटीत असतील?

देशाने २०२० मध्ये १११ लाख कोटींच्या कामांची यादी केली, २०२१ मध्ये गतिशक्ती नावाचा नकाशा आणला. रस्ता, रूळ, विजेच्या तारा, सगळे थर एकावर एक. एक खातं रस्ता करतं आणि दुसरं तो नळासाठी खोदतं, या आमच्या जुन्या करमणुकीला त्यामुळे आळा बसला तर उत्तमच. मला त्या नकाशावर अजून एक थर बघायला आवडेल. कुठलं काम शेवटचं कधी साफ केलं, त्याची तारीख. भडक रंगात.

८. या आखाजीला मी आजोळी गेलो. पाटाचा काही भाग अजून आहे, बाभळींनी भरलेला. सरपंचांना आधी फोन केला होता, गावात दवंडीऐवजी व्हॉट्सॲपवर निरोप गेला. चाळीस अंगठे आले, माणसं आली सात. त्यात दोघं रील काढायला. मी डेल्फ्टहून आणलेलं दाताळं घेऊन गेलो होतो, विमानात त्याचा दांडा काढून. खानदेशातल्या गाळात ते दुसऱ्याच ओढीला वाकलं. शेवटी फावडी आणि घमेली. सकाळी सातला लागलो, दहाला ऊन सहन होईना. तेवढ्यात पंचवीस-तीस पावलं पाट मोकळा झाला आणि खाली दगडी फरशी लागली, एकाला एक इतकी घट्ट बसवलेली की मला माझी सगळी मोजमापं आठवून ओशाळल्यासारखं झालं. सातातला एक म्हातारा, बहुतेक जुन्या पाटकऱ्याच्या घरातला, फरशीवर बसून तंबाखू मळत होता. लांब बंधाऱ्याकडे बघत म्हणाला, 'साहेब, तुम्ही विंजिनेर. पुरा पाट मोकया करता कितला दिन लागतीन?'

मी पाटाकडे बघितलं, माणसं मोजली, आणि म्हणालो, 'आठ दिवस.'

रात्री घरी येऊन वहीत हिशेब मांडला. वीस लागतात.